जस्ट इन टाइम, पण कुणाच्या टायमाला?

वीकेंडला नाशिकला गेलो की अंबडला काकांच्या गाळ्यावर एक चक्कर असतेच. दोन सीएनसी मशिनं, चार पोरं आणि दारापर्यंत क्रेटच्या थप्प्या. परवा सहज विचारलं, "काका, एवढा माल का पडलाय?" काका म्हणाले, "अरे, कंपनीचं जस्ट इन टाइम आहे ना, म्हणून!"

आधी हसलो. मग हसू येईना.

इंजिनिअरिंगला हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. टोयोटाचे ताइची ओनो, कानबान वगैरे. पुढच्याला लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच मागच्याने बनवायचं. कल्पना झकास आहे, वादच नाही. पण त्याच धड्यात 'हेइजुन्का' नावाची एक भानगड होती, जी आम्ही ऑप्शनला टाकली: आधी स्वतःचं रोजचं उत्पादन एकसारखं करा, म्हणजे उद्या किती लागणार ते पुरवठादाराला कळेल. इथल्या साहेब लोकांनीही बहुतेक तेच ऑप्शनला टाकलं असावं! गुरुवारी शेड्यूल येतं पाचशेचं आणि शुक्रवारी रात्री फोन, "सकाळी आठशे पाहिजेत." लाइन थांबली तर दंड काकांना. मग काका आठशे आधीच करून ठेवतात. कंपनीच्या ताळेबंदात स्टॉक जवळपास शून्य, आणि तोच स्टॉक अंबडच्या गाळ्यात, काकांच्या कॅश क्रेडिटच्या व्याजावर. याला इन्व्हेंटरी कमी करणं म्हणतात? आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटला, एवढंच झालं.

फेब्रुवारी १९९७ मध्ये आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने बंद पडले. इतर पुरवठादारांनी रात्रंदिवस खपून तो व्हॉल्व्ह बनवून दिला. टोयोटाने नंतर आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या १ टक्का रक्कम वरून दिली. हे आपल्याकडच्या सेमिनारमध्ये कुणी सांगत नाही. कानबानची रंगीत कार्डं मात्र हमखास दाखवतात.

आणि पैशांचं काय? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पाने तर वेळेत न दिलेलं बिल देईपर्यंत खर्चात धरायचीही बंदी आणली. काकांना हे सगळं पाठ आहे. "मग व्याज मागा की!" मी म्हटलं.

"आणि पुढची ऑर्डर तू देणार का?"

बिलांच्या फाइलमध्ये सगळ्यात वरचं बिल ११२ दिवसांचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तीनशे पीस, आत्ताच टेम्पोत भरा म्हणे.