उतरलेल्या कपड्यांचा विटाळ

आमच्या माजघरात आजोबांचा एक फोटो होता. अंगात काळा बंद गळ्याचा कोट, खिशाला घड्याळाची साखळी, हातात वेताची काठी. त्या कोटाकडे पाहून आजोबा एके काळी मामलेदार असावेत असे लहानपणी मला वाटे. पुढे शेजारच्या आळीत एका घरी तसाच फोटो पाहिला. माणूस निराळा, कोट तोच! साखळी तीच, तिसऱ्या बटणाजवळची सुरकुतीसुद्धा तीच. फोटोवाल्याच्या खुंटीवरचा तो कोट गावातल्या कितीतरी कर्त्या पुरुषांनी अंगात घालून भिंतीवर जागा मिळवली होती. आजोबांच्या बाह्या बोटांपर्यंत का आल्या आहेत, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

हे आता आठवण्याचे कारण माझी भाची. फोटोसाठी माणसे सजवणे हा तिचा पुण्यातला व्यवसाय. लग्न ठरलेली जोडपी, बारशाचे बाळ, दागिन्यांच्या जाहिराती, असले काम. कपडे ती बरेचसे जुनेच घेते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हिंडते, आणि दोन-तीन बोहारणींशी तर तिचा घरोबाच आहे. गेल्या दिवाळीआधी एका कुटुंबाने तिच्याकडून जुन्या वळणाचा फोटो काढवून घेतला. सुनांना इरकली नऊवारी, मुलांना कोट-टोप्या. फोटो इतका पसंत पडला, की त्याची मोठी प्रत मढवून दिवाणखान्यात लागली. मग घरच्या काकूंनी सहज विचारले, “अगं, ही लुगडी कोणत्या दुकानातली?” पोरीने सरळ सांगितले, “दुकानातली नाहीत काकू, बोहारणीकडची.” झाले! कुणाच्या अंगावरची, जिवंत माणसाची की मेलेल्याची, ऐन सणाच्या तोंडावर घरात काय आणलेस, असा भडिमार सुरू झाला आणि उरलेले निम्मे पैसे अडले.

“मावशी, मी खोटे बोलायला हवे होते का गं?” तिने मला विचारले. या प्रश्नाचा मला अजून राग येतो. तिचा नव्हे, तो विचारण्याची वेळ आणणाऱ्यांचा.

जुन्या कपड्यांच्या भीतीला एके काळी आधार होता, हे मी नाकारीत नाही. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरोघरचे कपडे जाळले गेले. ज्या पिढीने ते पाहिले तिने परक्याच्या वस्त्राला भ्यावे, यात नवल नाही. पण आपली भीती त्या जातीची आहे काय? हॉटेलात शंभर जण निजून गेलेल्या चादरीवर आपण खुशाल झोपतो. नवऱ्यामुलाची शेरवानी भाड्याने आणतो, आणि ती आधी किती नवरदेवांनी घामाने भिजवली हे विचारीत नाही. आणि जन्मल्याबरोबर आपल्याला कशात गुंडाळले होते? आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात! नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते म्हणून. तेव्हा विटाळ कापडाचा नाही. ते ज्या हातांतून आले त्या हातांचा आहे. भाड्याच्या दुकानाला काचेचे दार असते, बोहारणीच्या डोक्यावर टोपली असते. एवढाच काय तो फरक.

त्या हातांना काय येते, ते एकदा बघा. यांतल्या पुष्कळ बायका गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या. आधी पितळेची, मग स्टीलची आणि आता प्लास्टिकची भांडी घेऊन त्या जिने चढतात. साडी उजेडाकडे धरून घडीवर रेशीम चिरले आहे का, हे क्षणात सांगतात. धुणे, रफू, निवड सगळे त्यांचे. माझी भाची हे त्यांच्याकडूनच शिकली. रेशीम रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, काखेतली शिवण आधी तपासायची, कोट सैल असेल तर पाठीमागे चिमटे लावायचे. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही. ती म्हणते, नवे पॉलिएस्टर दिव्याखाली चकाकते आणि माणसाचा चेहरा मागे पडतो. जुने सूत उजेड पिऊन टाकते. चित्रपटवाल्यांना हे कधीच कळले आहे. जुन्या काळच्या कथेसाठी शिवलेले कोरे कपडे ते घासून, धुऊन, विटवून मगच पडद्यावर आणतात. आपण मात्र विटलेले आयते मिळते तिथे नाक मुरडतो.

आणि न विकले गेले तर त्या वस्त्रांचे काय होते? खऱ्या जरीचे जुने लुगडे घेणारे वेगळेच. ते कापड जाळतात आणि राखेतून चांदी काढून घेतात. विणकराचे महिना-महिन्याचे काम, आणि शेवटी चिमूटभर चांदी. त्यापेक्षा ते एका दुपारी कुणा मुलीच्या अंगावर फोटोसाठी चढले तर काय बिघडले?

हे म्हणताना भाचीच्या व्यवसायबंधूंनाही मी सोडणार नाही. त्यांच्यातले काही बोहारणीशी वीस-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि तेच लुगडे ‘आमच्या पणजीची ठेव’ म्हणून मिरवून दसपट भाडे लावतात. पणजी म्हटले की गिऱ्हाइकाला विटाळ होत नाही ना! गिऱ्हाइकाची लाज आणि यांची लबाडी एकमेकींना अशी पोसतात, आणि जिने ते लुगडे पारखून, धुऊन, सांधून दिले तिचे नाव कुठेच येत नाही, पैसेही नाहीत. भाचीला मी सांगितले आहे, बिलावर लिही: ‘लुगडी बोहारणीकडून’, आणि तिला दर चढा दे. ती देते. त्यामुळे तिची दोन गिऱ्हाइके तुटली, हेही खरे.

घरोघर आता सणाची आवराआवर झाली असेल. तीन चांगल्या साड्या पुढे टाकून “एवढीशी पातेली? मोठी दे” असे दारात बसून म्हणणाऱ्यांत मी स्वतःही होते. आमच्या आईचे एक चंद्रकळेचे लुगडे मी असेच एका डब्यावर घालवले. तो डबा अजून आहे, झाकण नीट बसत नाही.

त्या काकूंकडचे पैसे वर्ष झाले तरी आलेले नाहीत. भाचीने दोनदा निरोप पाठवला. फोटो मात्र त्यांच्या दिवाणखान्यात अजून आहे; परवा कुणीतरी तिथे जाऊन आले, त्यांनी सांगितले.