‘प्रत्येक’ या शब्दाचा अर्थ

२०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ ही योजना जाहीर करून असा संकल्प सोडला की, २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक बालकास तिसरी इयत्ता संपेतो समजून वाचता यावे. या संकल्पातील ‘प्रत्येक’ या शब्दाचा अर्थ काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. कारण बालकांच्या हाती पडणारे पुस्तक बहुधा एकाच साच्याचे असते. ज्याची बोटे आखडलेली, त्यास त्याचे पातळ पान उलटत नाही. ज्याची दृष्टी मंद, त्यास अक्षर लागत नाही. ज्याची समज सावकाश चालते, तो चित्रांच्या गर्दीत हरवतो. आणि मग आपण म्हणतो, मूलच मठ्ठ आहे!

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, दरेकसा हे गाव आहे. हाजरा धबधबा व कचारगडच्या गुहा पाहावयास जाणाऱ्यांस ते ठाऊक असते. अशा गावी एखादे अंध मूल असल्यास त्यास शहरातील विशेष शाळेत धाडावे, असा सल्ला आमचे सुशिक्षित बंधू सहज देतात. अशा शाळांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. मिस अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली, हे पुण्यकर्मच होय. परंतु सहा वर्षांच्या लेकरास पहिल्या अक्षरासाठी आईपासून तोडावे लागणे, यास आम्ही व्यवस्था म्हणणार नाही.

‘एका मुलासाठी निराळे पुस्तक कोण करणार?’ असे विचारले जाते. दरेकसा येथे रेल्वेने फलाट बांधला, तो उतारूंची शिरगणती करून नव्हे. फलाटावाचून कोणासच सुखाने उतरता येत नाही म्हणून. शिवाय येथे उपकाराचा प्रश्नच उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या १७ व्या कलमान्वये, कायद्याने ठरविलेल्या प्रमाणाइतके दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साधने विनामूल्य देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. स्वामित्वहक्काची सबबही २०१२ च्या दुरुस्तीने संपली. इतकेच नव्हे, तर २०१३ च्या माराकेश करारास सर्वांआधी, २०१४ साली, संमती देणारे राष्ट्र भारतच होते. जगापुढे पहिला क्रमांक आणि खेड्यात रिकामे दप्तर, ही विसंगती कोणास बोचत नाही काय?

‘भ्रमणध्वनी पुस्तक वाचून दाखवितो, मग छापील रूपाचा आग्रह कशास?’ असाही एक आक्षेप आहे. ऐकणे मोलाचे खरेच. पण ऐकणारा अद्याप वाचक झालेला नसतो. डोळस बालकास आपण नुसत्या श्रवणावर ठेवीत नाही, मग अंध बालकाच्या बोटांपासूनच सहा टिंबांची लिपी का दूर ठेवावी?

हे काम अशक्य नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘बरखा’ या चाळीस हिंदी गोष्टींच्या मालेस छापील अक्षराशेजारी ब्रेल व स्पर्शाने कळणारी चित्रे जोडून सर्वांसाठी एकच पुस्तक करून दाखविले. आणि साधनांचे म्हणाल, तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आसपासच्या निसर्गातूनच बालशिक्षणाची साधने मिळविली. दरेकसा परिसरात धान आहे, तेंदूपान आहे, मोह आहे. जाड पुठ्ठ्याच्या पानावर एकच चित्र, त्यावर चिकटविलेली धानाची लोंबी, खाली ठसठशीत अक्षरांत व ब्रेलमध्ये एक छोटे वाक्य, आणि पान सुटे उचलता यावे म्हणून कडेला एक लाकडी गुंडी : यास कितीसा खर्च? ज्या घरी गोंडी बोलतात, तेथे त्याच वाक्याखाली गोंडी वाक्यही यावे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बालभारतीने पहिल्या तीन इयत्तांचे प्रत्येक पुस्तक मुळातच अशा रूपांसह सिद्ध करावे. मागाहून ठिगळ लावू नये. अध्यापक विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक स्वहस्ते रूपांतरित केल्यावाचून त्यास पदविका देऊ नये. आणि बालसाहित्यास पारितोषिके वाटणाऱ्या आम्हां साहित्यिकांनी, हे पुस्तक कोणत्या मुलास उघडता येणार नाही, हा प्रश्न परीक्षणात प्रथम विचारावा. तोवर ‘प्रत्येक’ हा शब्द सरकारी कागदावर लिहिण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही, असे आमचे मत आहे.