ब्लाऊजवरचा डाग

भालकी, औराद, आळंद भागातल्या आपल्या घरांत दोन भाषा नांदतात, पण या दुखण्यासाठी दोन्हींत बाईची जीभ अडखळते. मराठीत ती म्हणते ‘छाती’, कन्नडमध्ये ‘एदे’. दवाखान्यात एवढंच पुटपुटलं की समोरच्याला हृदयाची शंका येते. तेव्हा मैत्रिणींनो, आज सरळ ‘स्तन’च म्हणू या. बाळ अंगावर पीत नसताना स्तनाग्रातून काही येऊ लागलं, तर काय करायचं?

असा प्रत्येक स्राव म्हणजे कॅन्सर नव्हे. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून दुधासारखं येत असेल तर डॉक्टर आधी गरोदरपण तपासतात, प्रोलॅक्टिन आणि थायरॉईडसाठी रक्त घेतात, चालू गोळ्या विचारतात. उलटीवरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. मात्र एकाच स्तनाच्या एकाच छिद्रातून, न दाबता, रक्तासारखं किंवा पाण्यासारखं नितळ येत असेल, तर थांबू नये. त्यातही पुष्कळदा दूधनलिकेतली ‘पॅपिलोमा’ ही साधी वाढच निघते. पण ती साधी आहे, हे डागाच्या रंगावरून कुणालाच सांगता येत नाही. अगदी डॉक्टरांनाही.

म्हणून आतलं चित्र घ्यायचं. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. (आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की सासूबाईंना नातवंडाची चाहूल लागते, ते वेगळंच!) चाळिशीनंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि जोडीला सोनोग्राफी. मधल्या वयात डॉक्टर ठरवतील. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांत दाबतात. थोडं दुखतं, पण क्षणभरच.

घोटाळा होतो तो पुढे. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल कपाटात जाते. नलिकेतली वाढ इतकी बारीक असू शकते की या दोन्ही तपासण्यांत ती दिसत नाही. स्राव चालूच असेल तर एमआरआय करतात, किंवा गळणाऱ्या छिद्रात बारीक नळी घालून औषध सोडतात आणि एक्स-रे काढतात. त्याला डक्टोग्राफी म्हणतात. काही दिसलं तर सुईने तुकडा काढून तपासतात. कधी ती नलिकाच काढावी लागते.

पुरुषांना असा स्राव झाला तर तो अधिकच गंभीर मानतात. हे नवऱ्यालाही वाचून दाखवा.

कलबुर्गीत किदवई कर्करोग संस्थेचं केंद्र आहे. मराठी मुलखात जायचं तर बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली.

मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर लावू नका, तिचे कण चित्रात ठिपक्यांसारखे उमटतात. पाहण्यासाठी म्हणून रोज दाबत बसू नका, त्याने स्राव वाढतो. आणि डाग पडलेला ब्लाऊज लगेच धुऊन टाकू नका. तसाच पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.