अचूक वेळेची किंमत

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे मनगटी घड्याळ टोकिओत विक्रीस आणले. विजेवर सेकंदाला ८१९२ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक त्याची गती राखीत असे. चूक महिन्याला ५ सेकंदांची. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका मोटारीइतकी! पुढे हेच तंत्र इतके स्वस्त झाले की अचूक वेळ ही श्रीमंतांची मिरास उरली नाही. ही प्रगती स्वागतार्हच होय.

परंतु तिची किंमत कोणी मोजली? स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९० हजार माणसे होती. १९८५ च्या सुमारास ३० हजारांहून थोडी अधिक उरली. फ्रँकच्या चढत्या भावाचाही त्यात वाटा होता. दोष स्फटिकाला मात्र देता येत नाही. न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळाचा नमुना १९६७ सालीच सिद्ध झाला होता. ज्ञान घरातच होते. त्याचे काय करावे हे ठरवणे कामगारांच्या हाती नव्हते.

सीमेपलीकडे फ्रान्समधील बेझाँसाँ येथे १९७३ साली, नोकरकपातीचा बेत उघडकीस येताच, ‘लिप’च्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, घड्याळे बनवली, विकली आणि त्यांतून आपले पगार भागवले. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, तेव्हा सप्टेंबरात लाखभर माणसे त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरली.

नवे यंत्र जरूर यावे. पण त्याने वाचवलेले श्रम कोणाला विश्रांती देणार आणि कोणाला बेकारी, हे ठरवणाऱ्या बैठकीत कामगाराला बरोबरीचे स्थान असलेच पाहिजे.