कायदा गेला, धूळ राहिली

सोन्याचा भाव तोळ्याला लाखापार गेल्यापासून त्याची चर्चा घरोघरी आहे. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा विषय त्या चर्चेत येत नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो हिशेब अजून मिटलेला नाही.

जोहान्सबर्ग परिसरातले सोने गारेच्या कठीण खडकात दडलेले आहे. तो फोडताना सिलिकाची धूळ उडते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि स्वतःच मरतात. मग नव्या पेशी, पुन्हा तेच. मागे व्रण साठतात, फुप्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि खाण सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. क्षयाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

धुळीला माणसाचा वर्ण कळत नाही; पण धुळीत कोणी उभे राहायचे ते कायदा ठरवत होता. १९११ चा खाण कायदा आणि त्याची १९२६ ची दुरुस्ती यांनी कुशल कामे गोऱ्यांसाठी राखली. सुरुंग उडवण्याचा परवाना काळ्या कामगाराला १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मिळत नव्हता. खडकाला भोके पाडणे, फुटलेला दगड फावड्याने भरणे ही कामे त्याची. १९७० च्या सुमारास गोऱ्याचा पगार त्याच्या साधारण वीसपट होता.

खाणकामगारांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी या देशाने अनेक दशके जपल्या आहेत. त्यांतले दोन आकडे पाहण्याजोगे आहेत. १९७५ साली तपासलेल्या काळ्या सुवर्णखाण कामगारांपैकी ३ टक्क्यांना सिलिकोसिस होता, गोऱ्यांपैकी १८ टक्क्यांना. म्हणजे काळ्यांची फुप्फुसे अधिक दणकट? २००७ पर्यंत हेच प्रमाण काळ्यांत ३२ टक्के झाले, गोऱ्यांत २२.

खरी गोष्ट अशी की हा आजार दिसायला सहसा दहा-पंधरा वर्षे लागतात. लेसोथो, मोझांबिक, ट्रान्सकाय इथून आलेला काळा कामगार तेव्हा थोड्या मुदतीच्या करारावर असे. करार संपला की घरी. आजारही त्याच्याबरोबर गावी जाई, आणि गावात क्ष-किरण यंत्र नसे. पुढे करार लांबले, माणसे वर्षानुवर्षे खाणीतच राहू लागली, तेव्हा आकडा दिसू लागला. १९९० च्या दशकात संशोधकांनी बोट्स्वाना आणि ट्रान्सकायमधल्या माजी कामगारांची छाती तपासली, तेव्हा साधारण दर चौघांत एकाला हा आजार निघाला. स्थलांतरित मजुरांच्या कुठल्याही आजाराची टक्केवारी वाचताना मला हे उदाहरण आठवते.

भरपाईचीही तीच तऱ्हा. १९७३ च्या कायद्यात एकाच आजारासाठी वर्णानुसार वेगवेगळी भरपाई होती. तो भेद १९९३ मध्ये निघाला, पण त्याच सुमारास खाणी माणसे कमी करत होत्या. १९८० च्या दशकात पाच लाखांहून अधिक असलेले सुवर्णखाण कामगार आता लाखाच्या आसपास उरले आहेत. समान हक्क मिळाला तेव्हा अनेकांची नोकरी गेलेली होती, फुप्फुसेही.

आणि रक्कम? थेम्बेकिले मनकायी यांनी सोळा वर्षे खाणीत काम केले. त्यांना मिळाले १६,३२० रँड. कंपनीवर थेट दावा करता यावा म्हणून ते घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०११ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच्या काही दिवस आधीच ते वारले होते. त्या निकालाने सामूहिक दाव्याची वाट मोकळी झाली. २०१९ मध्ये सहा कंपन्यांशी झालेल्या सुमारे पाच अब्ज रँडच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली.

आता पैसे आहेत, वाटपासाठी न्यासही आहे. पण अर्जदाराला नोकरीची नोंद आणि आजाराचा वैद्यकीय पुरावा द्यावा लागतो. हयात नसलेल्यांच्या विधवांना पतीच्या मृत्यूचे कारण सिद्ध करावे लागते. ज्या गावात तेव्हा डॉक्टरच नव्हता, तिथून हा कागद आणायचा आहे.