जाहीरनाम्यातील जमीन आणि सातबाऱ्यावरील जमीन



निवडणूक जवळ आली की महाडच्या चवदार तळ्याकाठी पुष्पहारांची गर्दी उसळते. ज्या पुढाऱ्यांना एरवी पोलादपूरच्या डोंगरातील बौद्धवाडीची वाट विचारून घ्यावी लागते, त्यांच्या मोटारी त्या पंधरवड्यात थेट वाडीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात. वंदना होते, भाषणे होतात, बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष होतो आणि शेवटी एक छापील कागद आपल्या हाती पडतो. त्यास जाहीरनामा म्हणतात. ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना कदाचित असे वाटेल की हा कागद आपल्या जागृतीचे फळ आहे. तसे नाही. हा कागद शंभर वर्षांचा आहे. त्यावरील सनावळी तेवढी बदलत असते. आज मी एकाच पक्षाचा हिशेब मांडणार आहे. तो पक्ष म्हणजे काँग्रेस. कारण आपल्या लोकांनी सर्वांत अधिक काळ त्यास मते दिली आणि सर्वांत अधिक काळ सत्ताही त्याच्याच हाती होती.

अस्पृश्यांवरील निर्बंध दूर व्हावेत असा ठराव काँग्रेसने डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात केला. त्यानंतर दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडात आले. तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या आमच्या माणसांना रस्त्यात गाठून मारहाण झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरविण्याचे ठरले, तेव्हा मंडपासाठी एकाही हिंदू गृहस्थाने जागा दिली नाही. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. ठरावास दहा वर्षे लोटली असता महाडात आम्हांस चार दिवस बसण्याइतकी जमीन मिळत नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. तो सत्याग्रहाने आणि दहा वर्षांच्या कोर्टकचेरीने मिळविलेला आहे, कोणाच्या ठरावाने नव्हे.

आता खऱ्या जमिनीकडे वळू. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खंड कमी करू, कर्जाचा बोजा हलका करू, कुळास जमिनीवर स्थैर्य देऊ, सरंजामी देणी नाहीशी करू, असा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला आणि तोच घेऊन १९३७ ची निवडणूक लढविली गेली. जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारावर आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील वाचकांस खोत म्हणजे काय हे सांगावयास नको. काँग्रेस पक्षाने आपल्याच जाहीरनाम्याशी इमान राखावयाचे ठरविले असते, तर त्याने केवळ हात वर करावयाचे होते. ते हात वर झाले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. त्यांत महाराबरोबर कुणबीही होता. तरीही १९३९ मध्ये मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले तेव्हा खोती जागच्या जागी होती.

यावर असे म्हणतात की, दोन वर्षांत बिचाऱ्या मंत्र्यांनी करावे तरी किती? परंतु कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधन घालणारा कायदा करण्यास त्याच मंत्रिमंडळास १९३८ मध्ये सवड मिळाली होती. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्याच कायद्याविरुद्ध झाला. वेळ होता, तो कोणासाठी खर्चावयाचा एवढेच ठरले होते.

खोती नष्ट करणारा कायदा पुढे १९४९ मध्ये आला. खोताचे खोतपण गेले, पण त्याच्या कब्जातील जमीन त्याच्याच नावे राहिली. त्यानंतर कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळास मालक केले. घोषणा मोठी होती आणि अनेक कुळांचे त्याने कल्याण झाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कूळ कोण? ज्याचे नाव कागदावर आहे तो. ज्याने तोंडी बोलीवर वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकविली, किंवा ज्याने केवळ मजुरीवर दुसऱ्याची भातखाचरे लावली, त्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात कोठून येणार?

वतनाची गोष्ट मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरची आहे. महाराने रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी करावी आणि त्याबद्दल जमिनीचा एक तुकडा व बलुते घ्यावे, असे ते वतन. या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधेयक आणले होते. काँग्रेस सरकारचा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. वतनाच्या बेड्या आम्ही तोडल्या असे पुढे सभासभांतून सांगण्यात येऊ लागले. बेड्या तुटल्या, खरे आहे. जमिनीचे काय झाले? ती आधी सरकारजमा झाली. मग आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरील त्यास ती पुन्हा देऊ, असे सांगण्यात आले. आणि दिली तीही नव्या शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही अशा अटीवर. रक्कम फार मोठी नव्हती, असे शहाणे लोक म्हणतात. पण एका तुकड्यास हिस्सेदार दहा, त्यांतील आठ मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत. गावी म्हातारी माणसे. नोटीस वाचणारा कोणी नाही. मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली याची खबर नाही. पिढ्यान्पिढ्या वेठ करून जी जमीन कमावली, तिचे मोल पुन्हा आम्हीच मोजावे, आणि ते वेळेवर मोजले नाही तर स्वतःच्या शेतात अनधिकृत ठरावे, हा न्याय कोणत्या जाहीरनाम्यात छापला होता?

म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे मागण्यांची सनद देण्यात आली. आयाबहिणी कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा पुस्तकात होता; पण जेथे खाचरे गुंठ्यांनी मोजतात अशा डोंगरउतारावर कमाल मर्यादेच्या वर उरणार काय आणि वाटणार काय? तरीही १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा आली आणि आपल्या वाड्यांनी पुन्हा विश्वासाने शिक्का मारला.

सवलतींच्या बाबतीत तर याहून मोठा अन्याय झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास आपण बौद्ध झालो आणि दिल्लीचे दार बंद झाले. एका बौद्ध आमदाराची राखीव जागेवरील निवड, तो बौद्ध आहे म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रद्द ठरविली. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांस दिल्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसची काय गत झाली होती आणि आपला पक्ष तेव्हा कोणत्या बाजूस उभा होता, हेही आठवावे. केंद्राचा कायदा बदलला तो १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या काळात. मध्ये ३४ वर्षे गेली. त्यांतील बहुतेक वर्षे दिल्लीत काँग्रेसच होती. त्या काळात कित्येक बापांनी शाळेच्या दाखल्यावर मुलाची जात हिंदू महार अशी लिहिली आणि घरी बुद्धवंदना म्हटली. त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी ३४ वर्षांचा जाब विचारावा.

आपले पुढारीही निर्दोष नाहीत. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष फुटत गेला आणि १९६७ पासून काँग्रेसशी समझोत्याची वाट पडली. ज्या मताची भीती वाटत होती, ते मत हमखास झाले. आणि हमखास मतास भाव नसतो, हे बाजारात भाजी विकणारी बाईही सांगेल.

आता काळ बदलला, वचनांची भाषा बदलली. २००४ मध्ये महाराष्ट्रातील काँग्रेस आघाडीच्या सरकारने निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांस मोफत वीज दिली आणि निवडून आल्यानंतर पुढील वर्षी ती काढून घेतली. ‘गरिबी हटाओ’नंतर ४८ वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच पक्षाने गरीब कुटुंबास वर्षाला ७२ हजार रुपये देऊ असे छापले, म्हणजे गरिबी हटली नव्हती, हे त्यांनीच कबूल केले. दुसरे पक्ष त्यांचेच शिष्य आहेत. २०२४ मध्ये महायुतीने बहिणींना महिना १५०० रुपये सुरू केले आणि निवडून आल्यास २१०० देऊ म्हटले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ नव्हती. पैसे घेणाऱ्या भगिनींना मी बोल लावीत नाही. तो पैसा जनतेचाच आहे, तो मान ताठ ठेवून घ्यावा. परंतु या सर्वांत जमिनीचे काय, इकडे मला लक्ष वेधावयाचे आहे.

तेव्हा प्रत्येक वाडीने एक काम करावे. मिळालेला जाहीरनामा विहारात जपून ठेवावा आणि पुढील निवडणुकीच्या सभेत तोच मोठ्याने वाचून दाखवावा. हे कोणत्या कायद्याने करणार, पैसा कोणत्या खात्यातून येणार आणि केव्हापर्यंत, असे उमेदवारास सर्वांसमक्ष विचारावे. आणि ज्यांच्या घरी वतनाच्या जमिनीचा गुंता अद्याप सुटलेला नाही, त्यांनी त्यापूर्वीच महाडच्या अथवा पोलादपूरच्या तहसील कचेरीतून सातबारा आणि जुन्या फेरफारांच्या नकला काढाव्यात, कब्जेहक्काची रक्कम भरल्याची पावती घरात असल्यास शोधावी, मुंबईतील हिस्सेदारांस पत्र घालून बोलवावे. आणि उमेदवार हार घेऊन वाडीत आला म्हणजे त्याच्या कागदाच्या आधी हा कागद त्याच्या हाती ठेवावा.