कोयत्याची लक्षणा आणि प्रूदाँचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीवरील कथा-कवितांत ‘कोयता’ हा शब्द आला की ‘अस्सल बोली’, ‘मातीचा गंध’ अशी प्रशस्तिपत्रे देऊन मराठी समीक्षा मोकळी होते. वस्तुतः हा शब्द मातीतून आलेला नाही, मुकादमाच्या वहीतून आलेला आहे. तेथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. तिच्या नावावर उचल पडते आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. परंपरेने अशा प्रयोगाला लक्षणा म्हटले आहे : भाले आत शिरले म्हणजे भालाईत आत शिरले. परंतु भालाईताला भाल्यामुळे मान मिळतो. कोयत्याच्या नावाने मोजली जाणारी जोडी हिशोबातला एक नग ठरते. हा भेद ज्या समीक्षेला दिसत नाही, तिने बोलीचे कौतुक करण्याची घाई करू नये.

तो दिसत नाही, कारण मालमत्तेचा प्रश्न या समीक्षेने कधी वाङ्मयीन प्रश्न मानलाच नाही. दुष्काळ मानला, नियती मानली, फार तर वर्गसंघर्ष मानला. प्रूदाँला मात्र ‘अराजकवादी’ म्हणून दारातूनच परत पाठविले. मराठीत ‘अराजक’ म्हणजे बेबंदशाही, तेव्हा पुढे वाचण्याचे कारणच उरत नाही! एका भाषांतराने केवढे काम वाचविले.

1840 साली प्रूदाँने मालमत्तेला चोरी म्हटले, एवढेच सर्वांच्या लक्षात आहे. त्यामागचा युक्तिवाद अधिक मोलाचा आहे. पॅरिसमधील लक्सरचा शिलास्तंभ दोनशे सैनिकांनी काही तासांत उभा केला; तोच एका माणसाला दोनशे दिवसांत उभा करता आला असता काय? मालक दोनशे जणांची वेगवेगळी मजुरी चुकवितो. त्यांच्या एकत्र येण्याने जी शक्ती जन्मली तिचा मोबदला मात्र कोणालाच मिळत नाही. धारूर-पाटोद्याकडून निघालेली टोळी हेच दाखविते. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून ट्रकवर चढविणे हे एकट्या जोडीचे काम नव्हे. शिवाय तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. म्हणजे कारखान्याला टोळीचा एकवटलेला वेगच हवा असतो. हिशोब होतो तो प्रत्येक कोयत्याच्या टनांचा.

‘पण महाराष्ट्रात सहकार आहे’, असा प्रतिवाद ठरलेला असतो. 1950 साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, ही घटना थोर खरीच. ऊस उत्पादकाला त्यामुळे स्वतःचे घर मिळाले. परंतु शासनाचे भागभांडवल, 1960 चा कायदा आणि संचालक मंडळ बरखास्त करू शकणारा निबंधक यांच्या छायेत वाढलेल्या या व्यवस्थेला प्रूदाँच्या अर्थाने परस्परसहाय्य म्हणणे कठीण आहे. ऊस ज्याचा तो उत्पादक सभासद. ऊस तोडणारा तोडणारा म्हणून सभासद होऊ शकत नाही. करारही बहुधा मुकादमाशी किंवा वाहतूक कंत्राटदाराशी होतो. हा मालमत्ताधारकांचा सहकार होय, आणि मराठी कादंबरीने साखरसम्राटावर कितीही उपहास केला तरी या रचनेला तिने क्वचितच हात घातला आहे. 1849 साली प्रूदाँने बिनव्याजी पतपुरवठ्यासाठी जनतेची बँक काढण्याचा उद्योग केला. तो फसला, तरी कर्ज हेच दास्याचे मूळ हे त्याने ओळखले होते. उचलीचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागला नसता.

जोडीतील बाईविषयी मात्र प्रूदाँ कामाचा नाही. स्त्रीला त्याने कनिष्ठ लेखले आणि कुटुंबातील पित्याची सत्ता शाबूत ठेवली. राज्यसंस्था नाकारणाऱ्याला घरातले राज्य दिसू नये, हे केवळ व्यक्तिगत वैगुण्य नव्हे. तेथे त्याचा सिद्धांतच अडखळतो. 2019 साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, चौकशी समिती नेमली गेली. पाळीमुळे खाडा आणि खाड्यामुळे दंड, हे गणित त्यात पुढे आले. ‘कोयता’ या लक्षणेत मुळात अर्धा वाटा जिचा, तिच्या शरीराचा हिशोबही त्याच वहीत मांडला जात होता. अशा कथेतील बाईच्या वेदनेला ‘करुण रस’ म्हणून टिपणाऱ्या प्रबंधांनी उचल कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न आधी संहितेला विचारावा.